कुकी पॉप-अपला नकार कसा द्यायचा, आणि तो पाळला जातो का हे कसं तपासायचं

वेबसाइट उघडली की मजकुराच्या आधी पॉप-अप येऊन बसतो. वर 'तुमचा खासगीपणा आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', खाली रंगीत 'अ‍ॅक्सेप्ट ऑल', आणि कुठेतरी कडेला फिकट अक्षरांत 'मॅनेज ऑप्शन्स'. वाचायचं असतं ते मागे अडकलेलं असतं, त्यामुळे बोट आपोआप रंगीत बटणाकडे जातं. त्या एका क्लिकने काही वेळा शेकडो कंपन्यांना तुमच्या फोनवर किंवा संगणकावर माहिती ठेवायची आणि वाचायची परवानगी मिळते.

नकार कसा द्यायचा हे बऱ्याच जणांना साधारण ठाऊक असतं. दिलेला नकार वेबसाइटने पाळला का, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. या लेखाचा भर त्यावरच आहे. पॉप-अपवरचं बटण आणि त्यामागे चालणारा कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण व्यवस्थित दाबलं जातं, पॉप-अप नाहीसा होतो, आणि ट्रॅकिंगचा कोड काहीच घडलं नसल्यासारखा चालू राहतो, असं आजही आढळतं. ते ओळखायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

पॉप-अप आला कुठून

कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ती १९९४ सालची. नेटस्केप या ब्राउझर कंपनीतले अभियंते लू मॉन्टुली यांनी ती तयार केली, कारण या पानावरून त्या पानावर गेलेला माणूस तोच आहे हे ओळखायची सोय वेबसाइटकडे नव्हती. लॉग-इन टिकवणं, निवडलेली भाषा लक्षात ठेवणं ही कामं आजही कुकी करते आणि त्यात वावगं काही नाही. प्रश्न येतो तो पानात तिसऱ्याच कंपनीचा कोड शिरतो तेव्हा. एकाच जाहिरात कंपनीचा कोड हजारो वेबसाइटवर असेल, तर तुम्ही सकाळी कुठल्या आजाराबद्दल वाचलं, दुपारी कुठलं कर्ज शोधलं आणि रात्री कुठल्या बातम्या पाहिल्या, हे सगळं ती एका ओळख क्रमांकाखाली जोडू शकते. त्यासाठी तुमचं नाव तिला माहीत असावं लागत नाही.

युरोपीय संघाच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि माणसाच्या उपकरणावर माहिती ठेवण्याआधी किंवा तिथली माहिती वाचण्याआधी त्याची संमती घेणं बंधनकारक झालं. अपवाद फक्त त्याने मागितलेली सेवा देण्यासाठी अगदी आवश्यक असलेल्या गोष्टींचा. हा नियम केवळ कुकीपुरता नाही. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवलेला क्रमांकही त्यात येतो. त्यामुळे 'आम्ही कुकी वापरत नाही' एवढ्या वाक्याने काही सिद्ध होत नाही.

मग २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती संरक्षण कायदा लागू झाला आणि संमती म्हणजे काय हे नेमकं ठरलं. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, विशिष्ट कारणासाठी हवी, माहिती मिळाल्यावर दिलेली हवी आणि स्पष्ट कृतीतून दिसलेली हवी. गप्प बसणं किंवा आधीच टिक केलेली चौकट तशीच राहू देणं म्हणजे संमती नव्हे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात युरोपीय न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. एका ऑनलाइन सोडतीत भाग घेणाऱ्यांसमोर कुकीची चौकट आधीच टिक करून ठेवली होती. न्यायालयाने ती संमती धरली नाहीच, वर कुकी किती काळ राहणार आणि तिसऱ्या कंपनीला ती वाचता येणार का, हेही सांगावं लागेल असं बजावलं.

पुढचा मोठा धक्का जानेवारी २०२२ मध्ये बसला. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचं जाहीर केलं. कारण साधं होतं: स्वीकारायला एक क्लिक, नाकारायला अनेक. आज बऱ्याच पॉप-अपवर 'रिजेक्ट ऑल' पहिल्याच पडद्यावर दिसतं, त्यात अशा कारवायांचा मोठा वाटा आहे.

सगळीकडे मात्र युरोपसारखी रीत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा पाया उलटा आहे. तिथे प्रौढ व्यक्तीची माहिती आधी विचारल्याशिवाय गोळा होऊ शकते, पण ती विकायला किंवा जाहिरातीसाठी इतरांना द्यायला मनाई करण्याचा हक्क तिला असतो. वेबसाइटच्या तळाशी 'डू नॉट सेल ऑर शेअर माय पर्सनल इन्फर्मेशन' ही लिंक असते ती यासाठी. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात कुकीचं वेगळं नाव घेतलेलं नाही, पण संमती मोकळी, विशिष्ट आणि बिनशर्त हवी, आणि ती देण्याइतक्याच सहजतेने काढून घेता यायला हवी, हे त्यातही आहे.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुष्कळ वेबसाइट तुमच्या इंटरनेट पत्त्यावरून तुम्ही कुठल्या देशात आहात याचा अंदाज बांधतात आणि मगच पॉप-अप दाखवायचा की नाही ते ठरवतात. पॉप-अप दिसला नाही म्हणजे ट्रॅकिंग होत नाही, असा अर्थ काढू नका. कित्येकदा तुम्हाला विचारण्याची सक्ती त्यांच्यावर नसते, एवढंच त्याचं कारण असतं.

पायरी १: नकाराचं बटण शोधा

आधी 'रिजेक्ट ऑल', 'नेसेसरी ओन्ली' किंवा 'कंटिन्यू विदाउट अ‍ॅक्सेप्टिंग' असं काही दिसतं का बघा. शेवटचा पर्याय पुष्कळदा वर उजव्या कोपऱ्यात, बटणाचा आकार न देता नुसत्या अक्षरांत असतो. फुलीचं चिन्ह असेल तर त्याचा अर्थ दर ठिकाणी वेगळा निघू शकतो. इटलीच्या नियामकाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फुली दाबणं म्हणजे नकार असंच ठरवून दिलं आहे, पण तो नियम सगळीकडे नाही. बाजूला 'बंद केल्यास संमती समजू' असं लिहिलेलं असेल तर फुली दाबू नका.

पहिल्या पडद्यावर नकार नसेल तर 'मॅनेज ऑप्शन्स' उघडा. इथे तीन जागा पाहायच्या.

पहिली जागा उद्देशांची यादी. जाहिरात, मोजमाप, वैयक्तिक आवडीनुसार मजकूर वगैरे. युरोपात हे स्विच आधीपासून बंद असायला हवेत. चालू दिसले तर ती वेबसाइट नियम पाळत नाही, हे तिथेच कळलं.

दुसरी जागा 'लेजिटिमेट इंटरेस्ट' नावाची. बहुतेक लोक इथेच फसतात. कंपनीला आपला 'रास्त हितसंबंध' आहे असं वाटलं तर काही कामं ती संमतीशिवाय करू शकते, आणि आपण फक्त हरकत घ्यायची असते. त्यामुळे इथले स्विच आधीपासून चालू असतात. वरच्या भागात सगळं बंद केलं तरी हे चालूच राहू शकतात. 'ऑब्जेक्ट टू ऑल' दिसलं तर ते दाबा, नाहीतर एकेक बंद करा. जाहिरात उद्योगाच्या आयएबी युरोप या संघटनेने बनवलेली टीसीएफ नावाची चौकट बऱ्याच पॉप-अपच्या मुळाशी असते. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या २.२ आवृत्तीत वैयक्तिक जाहिरात आणि वैयक्तिक मजकूर या उद्देशांसाठी 'लेजिटिमेट इंटरेस्ट'ची पळवाट बंद करण्यात आली. जाहिरातीचं मोजमाप वगैरे इतर उद्देशांसाठी ती अजून वापरली जाते.

तिसरी जागा 'व्हेंडर्स' किंवा 'पार्टनर्स'ची यादी. ती पूर्ण वाचायची गरज नाही, पण आकडा नक्की बघा. एका लेखाच्या पानामागे किती कंपन्या उभ्या आहेत हे तिथे कळतं.

शेवटी 'कन्फर्म माय चॉइसेस' किंवा 'सेव्ह' दाबा. त्याच्या शेजारीच मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' पुन्हा ठेवलेलं असतं आणि घाईत तेच दाबलं जातं. ही मांडणी कशासाठी केलेली असते याचा पुरावा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या लोकप्रिय वेबसाइटवरचे पॉप-अप तपासले, तेव्हा युरोपीय कायद्याच्या किमान अटी पाळणारे ११.८ टक्केच निघाले. पहिल्या पडद्यावरून नकाराचं बटण काढलं की होकार देणाऱ्यांचं प्रमाण २२ ते २३ टक्क्यांच्या अंतराने वाढतं, असंही त्यात दिसलं. होकाराचा आकडा लोकांच्या इच्छेपेक्षा बटणाच्या जागेवर ठरत असेल, तर त्याला संमती म्हणणं मला पटत नाही.

पायरी २: नकार पाळला जातो का ते बघा

हे काम फोनवर अवघड जातं, संगणकावर करा. क्रोम वापरत असाल तर इन्कॉग्निटो खिडकीत तपासणी करू नका. क्रोम तिथे तिसऱ्या कंपनीच्या कुकी आपणहून अडवतो, त्यामुळे वेबसाइट आहे त्यापेक्षा सज्जन दिसते. वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर क्लिक करून एक नवं, कोरं प्रोफाइल तयार करा. त्यात कुठलंही एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं जादा साधन) नको आणि कुठलंही लॉग-इन नको. तिसऱ्या कंपनीच्या कुकी अडवणारं सेटिंगही या प्रोफाइलपुरतं बंद असू द्या.

आता वेबसाइट उघडा आणि पॉप-अपला हात लावू नका. एफ१२ दाबा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि आय ही तीन बटणं एकत्र. बाजूला किंवा खाली डेव्हलपर टूल्स उघडतील. त्यात 'अ‍ॅप्लिकेशन' हा टॅब निवडा आणि डावीकडच्या यादीत 'स्टोरेज'खालचं 'कुकीज' उघडा. फायरफॉक्समध्ये याच टॅबचं नाव 'स्टोरेज' आहे. तिथे वेबसाइटचा पत्ता दिसेल आणि त्यावर क्लिक केलं की तक्ता येईल: कुकीचं नाव, तिच्यातली किंमत ('व्हॅल्यू'), कुठल्या डोमेनची, कधी संपणार.

अजून तुम्ही हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही. त्यामुळे या तक्त्यात फक्त आवश्यक कुकी असायला हव्यात: सत्राची ओळख, सुरक्षेचं टोकन, फार तर भाषेची निवड. 'अंडरस्कोर जीए' (_ga) नावाची ओळ दिसली तर ती भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सची. तिची मुदत साधारण दोन वर्षांची असते. 'अंडरस्कोर एफबीपी' (_fbp) ही फेसबुकच्या मेटा कंपनीची, सुमारे ९० दिवसांची. डोमेनच्या रकान्यात 'डबलक्लिक' दिसलं तर ती गूगलच्या जाहिरात यंत्रणेची. यांपैकी काहीही आत्ता दिसत असेल, तर येऊ का असं विचारण्याआधीच पाहुणा घरात येऊन बसलेला आहे. पडद्याचा फोटो घेऊन ठेवा, त्यात तारीख आणि वेळ दिसू द्या.

आता 'रिजेक्ट ऑल' दाबा, पान पुन्हा लोड करा आणि तक्ता परत बघा. एखादी नवी कुकी आलेली असेल. टीसीएफ वापरणाऱ्या बऱ्याच ठिकाणी तिच्या नावात 'ईयूकन्सेंट' (euconsent) असतं. ती तुमचा नकार लक्षात ठेवण्यासाठी आहे, तिला घाबरायचं कारण नाही. पण आधी उल्लेख केलेल्या कुकी नकारानंतर नव्याने आल्या असतील तर वेबसाइट नकार पाळत नाही. आधीपासून असलेल्या तशाच राहिल्या असतील, तर त्या पुसून पान पुन्हा लोड करा. परत उगवल्या तर निष्कर्ष तोच.

कुकीचा तक्ता ही अर्धी तपासणी झाली. उरलेली अर्धी 'नेटवर्क' टॅबमध्ये. तो उघडा, पान लोड करा आणि पानाने कुठेकुठे संपर्क साधला त्याची लांबलचक यादी वाचा. वरच्या शोधचौकटीत 'कलेक्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला की गूगल अ‍ॅनालिटिक्सकडे गेलेली विनंती सापडते. 'फेसबुक' टाकलं की मेटा पिक्सेल या मेटाच्या ट्रॅकिंग कोडची सापडते.

इथे घाईने निकाल देऊ नका. गूगलची 'कन्सेंट मोड' नावाची व्यवस्था आहे. तिच्या प्रगत प्रकारात नकारानंतरही कुकीविना छोटे संदेश गूगलकडे जात राहतात. विनंतीच्या पत्त्यात 'जीसीएस' (gcs) नावाचा भाग शोधा. त्याची किंमत 'जी१००' असेल तर जाहिरात आणि मोजमाप या दोन्ही साठवणुकींना नकार पोचलेला आहे. 'जी१११' असेल तर दोन्हींना होकार नोंदला गेला आहे. तुम्ही नाही म्हटल्यावर 'जी१११' दिसत असेल, तर पॉप-अप आणि कोड यांची जोडणी चुकली आहे किंवा केलेलीच नाही. त्या कुकीविना संदेशांबद्दल माझं स्वतःचं मत कडक आहे. माणसाने नाही म्हटल्यावर त्याच्या भेटीची खबर तिसऱ्या कंपनीला देऊच नये. पण तक्रार करताना हे दोन प्रकार वेगळे मांडावेत, नाहीतर समोरचा तेवढ्यावरून सगळी तक्रार उडवून लावतो.

ब्राउझरमधून सगळंच दिसतं असंही नाही. काही वेबसाइट माहिती आधी स्वतःच्या सर्व्हरवर घेतात आणि तिथून पुढे पाठवतात. काही ठिकाणी तिसऱ्या कंपनीचा कोड वेबसाइटच्याच उपडोमेनच्या नावाने येतो. म्हणून तक्ता स्वच्छ दिसला तर त्याचा अर्थ 'उघड ट्रॅकिंग सापडलं नाही' एवढाच घ्या.

पायरी ३: ब्राउझरलाच नकार द्यायला लावा

दर वेबसाइटवर ही झुंज घ्यायला कुणाला वेळ आहे? पॉप-अप ही खासगीपणाची शेवटची आणि सगळ्यांत कमजोर फळी आहे. खरी मजबूत फळी ब्राउझरमध्ये आहे, आणि ती एकदाच लावायची.

सफारी मार्च २०२० पासून तिसऱ्या कंपनीच्या कुकी पूर्ण अडवतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. फायरफॉक्सने जून २०२२ पासून दर वेबसाइटसाठी कुकीचा वेगळा डबा ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे एका ठिकाणी ठेवलेली कुकी दुसऱ्या ठिकाणी वाचता येत नाही. आणखी घट्ट बंदोबस्त हवा असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्ट्रिक्ट' निवडा. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून या कुकी हद्दपार करायची घोषणा केली होती, तारीख वारंवार पुढे ढकलली आणि २०२४-२५ मध्ये तो बेत सोडून दिला. म्हणून क्रोममध्ये हे काम तुम्हालाच करावं लागतं: सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'थर्ड-पार्टी कुकीज', आणि तिथे ब्लॉकचा पर्याय. क्वचित एखाद्या वेबसाइटवर लॉग-इन अडखळलं तर तेवढ्या वेबसाइटपुरती सूट देता येते.

दुसरं काम 'ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल' चालू करण्याचं. हा ब्राउझरने दर वेबसाइटला पाठवायचा संकेत आहे: माझी माहिती विकू नका, इतरांना देऊ नका. फायरफॉक्सच्या खासगीपणाच्या सेटिंग्जमध्ये त्याची चौकट आहे, ब्रेव्हमध्ये तो आधीपासून चालू असतो. याआधी 'डू नॉट ट्रॅक' नावाचा असाच संकेत होता, पण तो पाळायची सक्ती कुणावर नव्हती. जवळपास सगळ्यांनी त्याकडे दुर्लक्ष केलं आणि फायरफॉक्सने २०२५ मध्ये तो काढूनही टाकला. नव्या संकेतामागे कायदा आहे. कॅलिफोर्नियात तो पाळावाच लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सेफोरा कंपनीला १२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं, त्यातला एक आरोप हा संकेत न पाळल्याचा होता. तुम्ही कॅलिफोर्नियाबाहेर असाल तर हे संरक्षण हमखास मिळेल असं नाही, पण चालू ठेवण्यात तोटाही नाही.

तिसरं काम पॉप-अप हाताळणाऱ्या एक्स्टेंशनचं, आणि इथे नीट निवड करा. काही एक्स्टेंशन पॉप-अप नुसता लपवतात. युरोपात त्याचा अर्थ नकार असाच व्हायला हवा, बाकी ठिकाणी वेबसाइट काय समजेल ते सांगता येत नाही. काही एक्स्टेंशन पॉप-अप लवकर घालवण्यासाठी सोयीचं पडेल तिथे चक्क होकार देऊन टाकतात. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठात तयार झालेलं 'कन्सेंट-ओ-मॅटिक' मात्र तुमच्या ठरवलेल्या निवडीप्रमाणे बटणं दाबतं, आणि मूळ निवड नकाराची असते. एक्स्टेंशन टाकण्याआधी त्याच्या वर्णनात होकार-नकाराबद्दल काय लिहिलंय ते वाचा. 'त्रास कमी होतो' एवढंच लिहिलेलं असेल तर ते टाळा.

पायरी ४: आधी दिलेला होकार मागे घ्या

आजवर कितीतरी ठिकाणी घाईत होकार दिला गेला असेल. तो कधीही काढून घेता येतो. जीडीपीआर स्पष्ट सांगतो की संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. पानाच्या तळाशी 'कुकी सेटिंग्ज' किंवा 'प्रायव्हसी चॉइसेस' अशी लिंक शोधा. कधी डाव्या खालच्या कोपऱ्यात तरंगणारं छोटं गोल चिन्ह असतं. तिथून नकार नोंदवा.

मग ब्राउझरमधल्या त्या वेबसाइटच्या कुकी पुसा. क्रम हाच ठेवा असं नाही, पण एक समजून घ्या: सगळ्या कुकी सरसकट पुसल्या की तुमच्या नकाराची नोंदही पुसली जाते आणि पॉप-अप परत येतो. तो वेबसाइटचा डाव नसतो. म्हणून पुसण्याचं काम आधी करून नकार नंतर देणं सोयीचं पडतं.

होकार काढला तरी आधी गोळा झालेली माहिती आपोआप नष्ट होत नाही. त्यासाठी लेखी मागणी करावी लागते. जीडीपीआरखाली कंपनीने सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने घेता येतात. खासगीपणाच्या धोरणात संपर्काचा ईमेल दिलेला असतो, त्यावर असं काहीसं लिहा:

'मी अमुक तारखेला तुमच्या वेबसाइटवरील ट्रॅकिंगची संमती मागे घेतली आहे. माझ्याविषयी किंवा माझ्या उपकरणाविषयी तुमच्याकडे असलेली माहिती, ती मिळवण्याचा कायदेशीर आधार आणि ती ज्यांना दिली त्यांची नावं कळवावीत. त्यानंतर ती माहिती नष्ट करावी आणि ती ज्यांना दिली त्यांनाही तसं कळवावं. सोबत कुकीचा ओळख क्रमांक जोडला आहे.'

तो ओळख क्रमांक जोडायला विसरू नका. तो कुकीच्या तक्त्यातल्या किंमतीच्या रकान्यात असतो, म्हणून पुसण्याआधी लिहून घ्या. नाहीतर 'तुम्ही कोण हे आम्हाला ओळखता येत नाही' असं उत्तर येतं, आणि ते खरंही असू शकतं.

पैसे द्या नाहीतर होकार द्या

अलीकडे काही ठिकाणी दोनच दारं उघडी असतात: ट्रॅकिंगला होकार, किंवा मासिक शुल्क. मेटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपात हाच मार्ग धरला. युरोपीय माहिती संरक्षण मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये मत दिलं की मोठ्या प्लॅटफॉर्मनी फक्त हे दोन पर्याय ठेवले तर ती संमती बहुतेक वेळा वैध ठरणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने डिजिटल बाजारपेठ कायद्याखाली मेटाला २० कोटी युरोंचा दंड केला. लहान वृत्तसंस्थांबाबत देशोदेशी भूमिका वेगळी आहे. असा पॉप-अप आला आणि मजकूर दुसरीकडे मिळत असेल तर मी सरळ पान बंद करायला सांगेन.

पायरी ५: तक्रार

पायरी २ मध्ये घेतलेले फोटो इथे कामी येतात. आधी कंपनीला लिहा, उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर आपल्या देशाच्या नियामकाकडे जा. युरोपात दर देशाची संस्था तक्रार विनाशुल्क घेते. तक्रारीत भाषणबाजी नको. कुठल्या पत्त्यावर, कुठल्या तारखेला, कुठल्या ब्राउझरमध्ये, कोणतं बटण दाबलं आणि त्यानंतर कोणती कुकी, कुठल्या डोमेनची आली, एवढंच लिहा.

'नेटवर्क' टॅबमधून सगळी नोंद एचएआर फाइल म्हणून उतरवता येते. तो फार भक्कम पुरावा आहे, पण जपून: तुम्ही लॉग-इन केलेलं असेल तर त्या फाइलमध्ये तुमच्या सत्राच्या चाव्याही जाऊ शकतात. म्हणून नोंद कोऱ्या प्रोफाइलमध्येच करा.

वेबसाइट तुमचीच असेल तर

लहान वेबसाइट चालवणारे बहुतेक जण तयार पॉप-अपचं प्लगइन टाकतात आणि काम झालं असं समजतात. प्लगइन फक्त विचारतं. उत्तर येईपर्यंत बाकीचा कोड थांबवून ठेवण्याचं काम तुम्हाला जोडून द्यावं लागतं. म्हणून सुरुवात पॉप-अपपासून करूच नका. पायरी २ ची तपासणी आपल्याच वेबसाइटवर करा आणि जे सापडेल त्याची यादी करा.

मग त्या यादीतल्या दर ओळीपुढे विचारा, हे लागतं का? कित्येक वेळा अ‍ॅनालिटिक्स कुणी उघडूनही बघत नसतं, जाहिरातीचा पिक्सेल जुन्या मोहिमेचा उरलेला असतो. काढून टाका. व्हिडिओ थेट जोडण्याऐवजी त्याचं चित्र ठेवा आणि क्लिक केल्यावरच खरा व्हिडिओ आणा. अक्षरांचे फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवा. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणल्यामुळे भेट देणाऱ्याचा इंटरनेट पत्ता गूगलकडे गेला म्हणून वेबसाइट चालवणाऱ्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. रक्कम लहान होती, पण त्या निकालाचा हवाला देत पुढे अनेक वेबसाइटचालकांना पैशांच्या मागणीची पत्रं गेली. भेटींचं मोजमाप हवंच असेल तर कुकी न ठेवणारी साधनं आहेत. प्लॉझिबल तसंच आहे आणि मटोमोही तसं बसवता येतं.

आणि यादीत फक्त आवश्यक कुकी उरल्या, तर युरोपीय कायद्यानुसार संमतीचा पॉप-अप लावायची गरजच राहत नाही. धोरणाच्या पानावर त्या कुकींची माहिती द्या, पुरे. किती वेबसाइटचालकांना हे ठाऊक नसतं, याची मला खरंच हळहळ वाटते. वाचकाच्या तोंडावर पॉप-अप मारायची वेळ येते ती पानात घातलेल्या ट्रॅकरमुळे.

काही ट्रॅकर उरलेच, तर मूळ स्थिती नकाराची ठेवा. 'अ‍ॅक्सेप्ट' आणि 'रिजेक्ट' एकाच पडद्यावर, सारख्या आकाराची, सारख्या ठळकपणाची बटणं करा. नकार देणाऱ्याला दर भेटीत पुन्हा विचारू नका. सीएनआयएल निवड सहा महिने लक्षात ठेवणं ही चांगली पद्धत मानते. तळाशी 'कुकी सेटिंग्ज'ची लिंक कायम ठेवा. कुणी, कधी, पॉप-अपच्या कुठल्या आवृत्तीला होकार दिला याची नोंद ठेवा, कारण संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची असते. तपासणी मात्र एकदा करून सोडू नका. थीम बदलली, प्लगइनची नवी आवृत्ती आली, मार्केटिंगवाल्यांनी टॅग मॅनेजरमध्ये (वेबसाइटला बाहेरचा कोड जोडायच्या साधनात) एक ओळ वाढवली, की कोऱ्या प्रोफाइलमध्ये वेबसाइट उघडायची, पॉप-अपला हात न लावता एफ१२ दाबायचं आणि तक्ता बघायचा.